गड्डम सरांची फळी

गड्डम सर कुणाच्याही दाराची बेल वाजवत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात नमुने बघत बसावं, तर अचानक समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक कवडसा नाचायला लागतो. कॅलेंडरवरून पंख्यावर, पंख्यावरून थेट माझ्या नाकावर. मी खिडकीतून ओरडते, "सर, या आत! डोळे फोडता का माझे?" खाली फाटकापाशी दाढीचा आरसा खिशात घालत सर उभे असतात. आभाळ आलेलं असलं तर ते येतच नाहीत.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही; फक्त विद्यार्थी बदलले. आता वॉचमन, चहावाला आणि मी. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांचं एकच औषध. "सरळ जात न्हाई? मग वळवायचं की!" नवी पेठेत रिक्षा अडकली, वळवायचं की. माझं आणि नणंदेचं पटत नाही, तर तिच्या सासूमार्फत वळवायचं की. हा सल्ला मी पाळून पाहिला. आता तिघींचं पटत नाही.

यंदा त्यांनी मोबाइलच्या लहरी वळवायला घेतल्या. पलीकडच्या विणकर वस्तीत एक छोटा टॉवर आहे. आपला फोन जवळच्या टॉवरशी बोलतो, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्या छोट्या टॉवरलाही पुढे मोठ्या टॉवरशी बोलावं लागतं, आणि केबल नसली तर हवेतूनच. त्या दोघांच्या मधोमध एक उंच इमारत उभी राहिली आणि हवेतला रस्ता अडला. वस्तीत फोनवर आवाज कसाबसा येई, चित्र मात्र जागचं हलेना. टॉवरच्या कंपनीत सरांचा एक जुना विद्यार्थी होता. तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तुमच्याच्यानं जमलं तर बघा सर, नाहीतर आम्ही तो टॉवर उतरवणार.

दुसऱ्या दिवशी माझ्या नाकावर कवडसा.

"ताई, तुमच्या गच्चीवरनं दोन्ही टॉवर दिसत्यात. आख्ख्या एमआयडीसीत अशी दुसरी गच्ची न्हाई."

"गच्चीवर आम्ही टॉवेल वाळवतो, सर."

"वाळवा की! मला एक कोपरा द्या फक्त. फळी उभी करतो."

फळी म्हणजे दाराएवढी चौकट. तिच्यावर, ताटात वड्या पाडाव्यात तशा, तांब्याच्या चौकोनी टिकल्या. मोठ्या टॉवरच्या लहरी हिच्यावर येणार आणि ही त्या छोट्या टॉवरकडे धाडणार.

"म्हणजे आरसाच की," मी म्हटलं.

सर दुखावले. "आरसा हातानं फिरवावा लागतो. ही जागची हलत न्हाई. हरेक वडीला कंप्युटर सांगतो, तू लहर किती थांबवून सोडायची. सगळ्यांनी मिळून ती पाहिजे तिकडं वळवायची. हुशार फळी हाय ही, ताई!"

फळी उभी राहिली त्या सकाळी वस्तीत नेट आलं. सरांनी पेढे वाटले. दुपारी नेट गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी आहे, दुपारी नाही. सरांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सकाळी एकदा गच्चीवर जाऊन आले की दिवसभर माझ्याच ऑफिसात लॅपटॉप मांडून बसत. निदान झालं होतं: सोलापूरचं ऊन. टिकल्या तापतात, बिघडतात. मग उन्हाची गणितं सुरू झाली. महिना सरत आला आणि सरांनी चहावाल्याला शिकवणंही सोडलं, तेव्हा मला काळजी वाटली.

एका दुपारी मीच गच्चीवर गेले. फळीवर वरपासून खालपर्यंत ओले टॉवेल पसरलेले. आमच्या धुलाईवाल्या मालनबाई पुढचा पिळा झटकत होत्या.

"मालनबाई, हे काय?"

"उन्हाच्या तोंडाला हाय की ओ, ताई. लई लवकर वाळत्यात. आन् सरांच्या मशिनला सावली बी हुती."

मी सरांना हाक मारली. ते धापा टाकत वर आले. आता मालनबाईंची धडगत नाही, असं मला वाटलं. सरांनी एक टॉवेल उचलला, पिळला, पायावर सांडलेल्या पाण्याकडे बघितलं आणि खदाखदा हसायला लागले.

"पाणी! पाण्यानं लहर पिली, ताई! म्हंजे फळीची चूक न्हाईच!" मग लगेच त्यांना अर्धा वाळलेला टॉवेल लावून बघायचा होता. मी तो ओढून घेतला. मालाची गाडी खाली उभी होती.

फळी मोकळी झाली. आता सर लॅपटॉपवर आकडे बघणार म्हणून मी खाली निघाले, तर त्यांनी खिशातून फोन काढून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे शिलाई मशिनपाशी बसलेली एक पांढऱ्या केसांची बाई दिसली.

"धरा जरा," सर फोन माझ्या हातात देत म्हणाले. "मला दोन्ही हात लागत्यात."

आणि हा अखंड बोलणारा माणूस गप्प झाला. बोटं, मनगटं, भुवया सगळं चालू, तोंड बंद. पलीकडून तिचे हातही तसेच भराभर चालले होते. चित्र कुठेही अडकत नव्हतं.

"थोरली बहीण माझी," जरा वेळानं सर म्हणाले. "जन्मापासनं ऐकू येत न्हाई. वस्तीतल्या घरात एकटीच राहती. रविवारी मी जातोच की. पण बाकीचे दिवस... चित्र थांबलं की तिचं बोलणंच थांबतं."

मालनबाईंनी पिळे बादलीत भरले आणि गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेले.

तेवढ्यात बहिणीनं काहीतरी विचारलं. सरांनी भुवया आवळून तर्जनी दोनदा हवेत नाचवली. ती एकदम ओळखीचं हसली.

"हे काय सांगितलंत?"

"फोन कोण धरलंय, विचारती. तुमचं नाव सांगितलं. आमच्यात हरेकाला एक खूण असती." सर पुटपुटले. "वळखती ती तुमाला. रोजचं सांगतो की मी."

"आणि माझी ही खूण कुणी ठरवली?"

मी फोन माझ्याकडे वळवला, भुवया आवळल्या आणि तिच्यासमोर तर्जनी नाचवली. ती पोट धरून हसली. मग सरांकडे बोट दाखवून हातानं घास भरवल्यासारखं काही म्हणाली, आणि पुन्हा माझंच नाव घेतलं.

"काय म्हणतात?"

सर फळीकडे बघत राहिले. "म्हणती, हा अजून जेवलेला दिसत न्हाई. तुमी रागवा."

मी नावाला जागले.