आधी ठाणं, मग जग

गाडीची शिट्टी ऐकू आली की आमचे दामोदरपंत उठून उभे राहत. घरात वडीलधारं माणूस आलं की आपण उठतो, तसे. कचेरीत लिहीत असले तर टाक खाली ठेवून उठत. जेवत असले तर उष्टा हात वर धरून उठत. एकदा हजामत चालू असताना उठले, तेव्हापासून त्यांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक बारीक वण कायमचा राहिला. न्हाव्याने मग नियमच केला, की गाडी पुढे गेल्याशिवाय वस्तरा उघडायचा नाही.

मी त्यांचा शेजारी, आणि ठाण्याच्या कचेरीत त्यांच्याच हाताखालचा कारकून. म्हणजे दिवसभर कचेरीत आणि संध्याकाळी ओटीवर, दोन्हीकडे मला त्यांच्यापासून सुटका नव्हती. सुटका हवी होती असंही नाही. माणूस मोठा मजेचा.

पहिली आगगाडी मुंबईहून निघाली आणि ठाण्याला आली, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण ती ठाण्याला आली ती ठाण्याची लायकी पाहूनच, हे फक्त दामोदरपंतांना ठाऊक होतं. "अहो, साहेबाला काय दुसरी गावं दिसत नव्हती? पण नाही. त्यानं विचार केला, आधी ठाणं, मग जग!" हे त्यांचं पालुपद. कचेरीत नवा मामलेदार आला, तरी ओळख करून देताना ते आधी हे सांगत आणि मग आपलं नाव. मुलं त्यांना मागून 'पहिलेबुवा' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

पहिली गाडी आली त्या दिवशी दामोदरपंत लहान होते आणि रुळांच्या कडेला हजर होते. ती हकीकत मी किती वेळा ऐकली असेल, त्याला गणतीच नाही. "काय सांगू तुम्हाला! डोक्यावर हीऽ उंच टोपी, टोपीतून धूर. आणि चाकं? चाकं एकमेकांचे हात धरून पळत होती! एकानं म्हणून हात सोडला नाही!" हे सांगताना त्यांच्या दोन्ही मुठी छातीशी घट्ट मिटत, आणि गोष्ट संपेपर्यंत उघडत नसत. गाडी हाकण्याची ती नक्कल असावी, असा माझा समज होता.

दामोदरपंतांच्या या अभिमानाला जगात एकच शत्रू होता, तो कल्याणला. त्यांची धाकटी बहीण ठकूताई कल्याणला दिलेली. यजमान फार लवकर गेले. तेव्हापासून ती लाल आलवणात, केशवपन केलेली, दिराच्या घरी माजघरामागच्या खोलीत होती. ते दीर म्हणजे आप्पा. आप्पांना कल्याणचा अभिमान, आणि तोही जुना. "आमच्या बंदरात परदेशची गलबतं लागत होती, तेव्हा तुमच्या ठाण्यात कोल्हे ओरडत होते," असं ते दामोदरपंतांना तोंडावर सांगत. दामोदरपंत म्हणत, "कोल्हे ओरडत असतील, पण गाडी पाहिल्यावर गप्प झाले ना? तुमच्याकडे ती मागाहून आली. उरलीसुरली!" अशी जुंपली की दोन्ही घरची माणसं आपापल्या कामाला लागत.

आणि अशात बातमी आली की मुंबईच्या साहेबलोकांची आणि पारशांची पायगाड्यांची, म्हणजे सायकलींची, शर्यत ठाण्याला येणार.

पायगाडी तोवर आम्ही एखाददुसरीच पाहिलेली. एकदा एक साहेब तलावपाळीला तिच्यावरून गेला, तेव्हा भाजीबाजार उठून त्याच्यामागे गेला होता आणि बैलांनी मागे राहिलेली भाजी खाऊन टाकली होती. आता तशा गाड्यांचा तांडाच्या तांडा आग्रा रोडने येणार, माजिवड्याच्या फाट्यावर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालणार आणि परत मुंबईला जाणार. दामोदरपंत कचेरीत उभे राहिले. गाडीची शिट्टी झाली नव्हती, तरी उभे राहिले. म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

त्या दिवसापासून ठाण्याला दुसरा विषय उरला नाही. दामोदरपंत आपणच स्वागताचे मुखत्यार झाले. फाट्यावर आंब्याच्या पानांचं तोरण ठरलं. चर्चकडच्या पास्कूचा बाजा ठरला. त्याला लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या अशा दोनच चाली येत होत्या, त्यातली लग्नाची पसंत झाली. माजिवड्याच्या जानकी म्हातारीने, आगऱ्यांच्या साऱ्या बायांच्या वतीने, रस्त्यावर शेणाचा सडा आणि रांगोळी घालायचं आपल्या अंगावर घेतलं. मी म्हटलं, "जानकी, रस्त्यावर कशाला सडा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "पावना येनार, न दारान सडा नाय? मंग लोक काय बोलतील आमाला?" दामोदरपंतांनी मान डोलावली. एवढ्या लांबून येणारा पाहुणा कोरड्या रस्त्यावरून न्यायचा, हे त्यांनाही पटणारं नव्हतं.

सगळं जमत आलं होतं, आणि दामोदरपंत मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. एका संध्याकाळी ओटीवर बसलो असताना ते मला म्हणाले, "ठकीला दाखवायला हवी हो ही शर्यत."

हे अवघड होतं. ठकूताई आलवणातली बाई. शुभकार्यात पुढे यायचं नाही, प्रवासाला निघणाऱ्याच्या समोर यायचं नाही, असा तिचा सगळा जन्म गेलेला. तिने रस्त्यावर येऊन साहेबांची शर्यत पाहायची? आप्पा ऐकतील तर ना!

"उद्या कल्याणला जातो," दामोदरपंत म्हणाले. "तुम्ही चला बरोबर. मी एकटा गेलो तर भांडून परत येईन."

गेलो. आप्पांची बैठक भरलेली होती, गावातली चार प्रतिष्ठित माणसं पान खात बसली होती. दामोदरपंतांनी विषय काढला. पडद्याचा छकडा करीन, बाहेर कुणाला दिसणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत पाठवीन. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान जुळवत म्हणाले, "ठाण्याला काय पाहायचंय एवढं?"

बैठकीत हशा पिकला. मला वाटलं, आता जुंपणार. दामोदरपंतांचे कान लाल झाले होते. आप्पाही त्याच आशेने पुढे सरसावून बसले. म्हणाले, "नाही, तुम्हीच सांगा या मंडळींना. आधी कोण? ठाणं की कल्याण? एवढं सांगा आणि न्या बहिणीला."

ते थट्टेनेच बोलले असावेत. दामोदरपंत हे मरेतोवर म्हणणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

आतल्या दाराशी लाल आलवणाची कड दिसली आणि लगेच मागे गेली. दामोदरपंतांनी ती पाहिली. ते उठून उभे राहिले आणि चार माणसांत स्वच्छ आवाजात म्हणाले, "आधी कल्याण. ठाणं मागून."

कुणी हसलं नाही. आप्पांनाही जुळवलेलं पान तोंडात घालायचं सुचेना. शब्द दिला होता. "न्या," ते हळूच म्हणाले. मग जरा वेळाने, "मीही येईन. बघू तरी."

मला त्या माणसाचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे भल्याभल्यांचा वाटला नाही.

बातमी अर्थातच आमच्या आधी ठाण्याला पोचली. मुलं रस्त्यात 'आधी कल्याण!' म्हणून ओरडू लागली. दामोदरपंत तोरणाची दोरी खेचत राहिले.

शर्यतीच्या दिवशी माजिवड्याचा फाटा माणसांनी फुलून गेला. बाया, पोरं, मिठागरावरचे लोक, टोपल्या डोक्यावरच राहिलेल्या कोळीवाड्यातल्या मावश्या. कचेरी ओस पडली होती. रस्ता हिरवागार सारवलेला, त्यावर रांगोळीची कमळं. छकडा रस्त्याच्या अगदी कडेला, मागची बाजू रस्त्याकडे करून लावला होता. मागे पडदा, पडद्याआड ठकूताई. आप्पा चार हात दूर, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने उभे.

आणि खाडीवरून वारा सुटला. पडद्याचा बंद तटकन तुटला आणि पडदा फडफडू लागला. लोकांच्या माना वळायच्या आत दामोदरपंत धावले. दोन्ही हातांत पडद्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून, मधे डोळ्यापुरती फट ठेवून, छकड्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणजे रस्त्याकडे पाठ.

मी शेजारीच होतो. म्हटलं, "पंत, मी धरतो. तुम्ही बघा."

"तुम्ही बघा हो," ते म्हणाले. "मला सवय आहे."

कसली सवय, ते विचारायला वेळ झाला नाही. लांबून गलका उठला, पास्कूने लग्नाची चाल सुरू केली आणि धुळीतून पायगाड्या दिसू लागल्या. सगळ्यांत पुढे एक तरुण पारशी, पाठीला बाक काढून, जिवाच्या आकांताने पाय मारतोय. तोरणाखालून आला, पिंपाकडे वळला, चाक सारवणावर आलं, आणि पाहुणा गाडीसकट सपकन आडवा झाला. जानकीच्या सगळ्यांत मोठ्या कमळावर. मागचा साहेब त्याच्यावर.

बाजा थांबला. पाचशे माणसं चिडीचूप. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "कुणाची नजर लागली? अहो, त्या छकड्यात कोण आहे?"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. दहा-वीस डोळे पडद्याकडे वळले. तेवढ्यात दामोदरपंत, पाठ न वळवता, असे ओरडले की माजिवड्याचे कावळे उडाले.

"शेण माझं! सडा मी घालायला लावला! मूर्ख मी! ज्याला बोलायचं त्यानं मला बोला!"

ज्या माणसाने महिनाभर हे स्वागत स्वतःच्या नावावर मिरवलं, त्याने ते तिथे सगळ्यांदेखत शेणात घातलं. लोक आधी चमकले आणि मग हसत सुटले. छकडा विसरले. तो पारशीही उठून बसला, त्याने आपला पांढऱ्याचा हिरवा झालेला सदरा पाहिला आणि तोही हसू लागला. "अरे बाबा, रस्त्याला सारवण कोण करते?" जानकी पुढे झाली आणि ठसक्यात म्हणाली, "आमी करताव! तुमचेसाठी केला!" त्याने तिला हात जोडले, गाडीवर टांग टाकली आणि गेला. पुढे कळलं की मुंबईला पहिला तोच पोचला. म्हणजे ठाण्याचं शेण मुंबईला पहिलं पोचलं, असं आम्ही आजही छाती काढून सांगतो.

बाकीचे येत होते, जात होते, काही घसरत होते. गर्दी त्यांच्यामागे धावली. छकड्यापाशी आम्ही तिघेच राहिलो, मी, आप्पा आणि पाठमोरे दामोदरपंत. पडद्याच्या फटीतून बारीक आवाज येत होता. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा नव्हताच तो.

"दादा, धूर नाही रे मुळीच."

"नाही? मग?"

"नुसतीच पळतात. आणि दादा, यांची चाकं हात नाही रे धरत. एक पुढे, एक मागे. रुसल्यासारखी. पण मागचं पुढच्याला सोडत नाही बघ."

मी दामोदरपंतांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मुठी छातीशी घट्ट मिटलेल्या होत्या, पडद्याच्या कडा धरून. या मुठी मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या, ती आगगाडीची गोष्ट सांगताना.

मी हळूच विचारलं, "पंत, पहिली गाडी आली तेव्हा तुम्ही..."

"खांद्यावर ठकी होती," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षांची. पुढे ही गर्दी. तिचे पाय असे धरले होते मी. सोडले असते तर पडली असती ना पोर. मला दिसल्या नुसत्या लोकांच्या पाठी." मग जरा हसले. "पण तिनं सगळं सांगितलं मला. एकूण एक."

आप्पा तोंड फिरवून खाडीकडे पाहू लागले. थोड्या वेळाने पुढे आले आणि म्हणाले, "एक बाजू माझ्याकडे द्या, पंत. वारा फार आहे." दामोदरपंतांनी एक कड त्यांच्या हातात दिली. तरी वळून मात्र पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर माणसं मावेनात. ज्यांनी शर्यत पाहिली होती तीसुद्धा दामोदरपंतांच्या तोंडून ऐकायला आली होती. आणि ते सांगत होते, दोन्ही मुठी छातीशी धरून, "धूर? नाव नको! आणि चाकं, काय सांगू तुम्हाला, एक पुढे, एक मागे, रुसल्यासारखी! पण मागचं पुढच्याला सोडत नाही!"

कुणीतरी खवचटपणे विचारलं, "पंत, तुम्ही तर पाठ करून उभे होतात म्हणे?"

दामोदरपंतांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी शेजारीच होतो," मी म्हणालो. "ठाण्यात ती शर्यत इतकी नीट दुसऱ्या कुणीच पाहिलेली नाही."

तेवढ्यात स्टेशनाकडून कल्याणच्या गाडीची शिट्टी झाली. आप्पांबरोबर ठकूताई त्याच गाडीत होती. दामोदरपंत उठून उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही उठलो.