कुलूपकाकांचं लायसन्स

फुकट पडून असलेल्या लायसन्सांचा निकाल जेवायच्या सुट्टीआधी लावतो, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. का नाही सांगणार? ते कामच माझं. आमच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेला माणूससुद्धा चौकोन इकडचे तिकडे ओढून आपल्या कामाचं ॲप बनवतो. फक्त प्रत्येकाच्या नावावर लायसन्स लागतं, आणि ते देणारा नि काढून घेणारा मी. त्यामुळे सगळे मला जरा जपूनच असतात.

बसलो आणि सपासप नावं उडवली. नोकरी सोडून गेलेले उडाले, दुसऱ्या खात्यात गेलेले उडाले, आणि रिटायर झालेले कुलूपकाकाही उडाले. काका गोदाम सांभाळायचे. कुलूप लावलं की इतक्यांदा ओढून बघायचे की हे नाव त्यांना चिकटलंच. माणूस घरी बसलाय, त्याला लायसन्स कशाला? सुटलेली सगळी लायसन्सं मी त्याच दमात सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला परत करून टाकली.

माझा चहा संपायच्या आत फोन सुरू झाले.

"अहो, माल आत घेता येत नाहीये," गोदामातल्या ताई.

"गेटपास निघत नाही. ट्रकची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलीये आणि ड्रायव्हर मला शिव्या घालतायत," वॉचमन.

"रजेचा अर्ज उघडत नाही, आणि मला उद्या रजा हवीच आहे," हिशेबाच्या बाई.

झालं होतं असं, की ही सगळी ॲप्स काकांनी नोकरीच्या शेवटी शेवटी हौसेने बनवली होती. आणि या सॉफ्टवेअरमध्ये ॲप बनवणाऱ्याचं, म्हणजे त्याच्या मालकाचं, लायसन्स गेलं की त्याची ॲप्सही बंद पडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. नवीन लोकांना मीच शिकवतो. ऐन वेळी अक्कल चरायला गेली, दुसरं काय.

मग युक्ती लढवली. काकांच्या नावावर फुकटची ट्रायल चालू केली. ॲप्स जागी झाली, ट्रक हलले, साहेबांना पत्ताही लागला नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. एवढंच विसरलो, की नवीन नाव जोडलं की सिस्टम आपोआप एक मेल पाठवते: 'आपलं स्वागत आहे. या, सगळे आपली वाट बघत आहेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेटवर हजर. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. काकू गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते म्हणे. शर्ट अंगात नुसता लोंबत होता.

"आलो रे बाबा," ते म्हणाले. "मेल आला, बरं वाटलं."

खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं. मी त्यांना माझ्या शेजारी खुर्ची दिली. तसं एक काम होतंच. ट्रायल संपायच्या आत ॲप्स माझ्या नावावर व्हायला हवी होती, आणि ते मालकालाच करावं लागतं. काका एकेक ॲप उघडून दाखवत होते. हे कुणासाठी केलं, हे बटण इतकं मोठं का ठेवलं, कोण त्यावरून भांडलं होतं. मध्येच पासवर्ड विसरले, मग चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत बसले. ताई येऊन दोनदा चहा देऊन गेल्या. दुपारपर्यंत सगळी ॲप्स माझ्या नावावर झाली.

मग मी धीर केला. "काका, तो मेल जो आला ना..."

"आपोआप जातो," काका म्हणाले. "माहितीये की. मीच बसवलाय तो. शब्दसुद्धा माझेच आहेत."

"मग आलात कसे?"

"काय सांगू. वाचला, आणि उठून शर्टाला इस्त्री करायला लागलो."

मला फार वाईट वाटलं. "घरी सोडून येऊ का?" एवढंच विचारलं.

"नको रे. घरी सांगून आलोय, कामावर बोलावलंय म्हणून. संध्याकाळपर्यंत बसतो. तुझं चालू दे."

आणि ते बसले. डबा खाल्ला, धुतला, पुसून पिशवीत ठेवला, आणि माझ्या स्क्रीनकडे बघत बसले.

संध्याकाळी त्यांची सून स्कूटर घेऊन आली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दादा, फार उपकार झाले तुमचे. मेल आला आणि काल बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. उद्या किती वाजता आणून सोडू?"

काका पलीकडेच उभे होते. पिशवीचा बंद खांद्यावर नीट करत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"नऊला," मी म्हणालो.

आता पंचाईत अशी आहे, की नऊला काका येतील आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काम नाही. होतं तेवढं सगळं मी दुपारीच माझ्या नावावर करून घेतलंय.