पाच हजार होड्यांचं बंदर

"पाच हजार होड्या एकदम बोलल्या ना साहेब, तरी माझी सिस्टम शिंकणारसुद्धा नाही!"

केतननं छातीवर हात मारला. पुण्याच्या प्रदीपसाहेबांना फोनवर तो हात काही दिसला नाही. खोलीत होता तो पंखा, आणि त्यानं मान हलवली ती नकारार्थी!

मंडळी, केतन कुंभवलीत एकटा राही आणि खोलीतूनच काम करी. कोळी बांधवांनी फोनचं बटण दाबून मासळी किती मिळाली ते बोलायचं. ती नोंद क्लाउडवर रांगेत उभी राही आणि पाळी आली की लिहिली जाई. लगेच बाईचा आवाज येई, "नोंद झाली. जेवलात का?" आवाज स्वातीचा, केतनबरोबर काम करणारीचा. शेवटचे दोन शब्द तिनं गमतीनं घातले आणि नोकरी सोडून ती नाशिकला गेली. ते काढणं केतनच्या जिवावर आलं. सहा महिन्यांत त्याच्याशी कोण बोललं? डबा देणाऱ्या मावशी ("डबा!") आणि प्रदीपसाहेब.

साहेबांनी बजावलं होतं, "जुलैअखेर शंभर माणसं वापरताना दाखव. नाहीतर योजना बंद, आणि तूही!"

माणसं होती अकरा. तीही जूनपासून गप्प.

आणि एका सोमवारी नोंदी वाढल्या! रांग तुंबली, उत्तर दहा-दहा मिनिटं येईना. केतननं युक्ती केली. एकेक नोंद लिहिण्यापेक्षा शंभरांचा गठ्ठा करून एकदम लिहायचा. उत्तरही गठ्ठ्याला एकच.

दुसऱ्या दिवशी नोंदी शंभरपट!

"साहेब, गाजतंय!" केतननं आणखी यंत्रं जोडली. पण बहुतेक नोंदी एकाच फोनवरून येत होत्या. म्हणून त्यानं मर्यादा घातली, एका फोनला दिवसाला पन्नास नोंदी. तर काय, नवे फोन येऊ लागले! चाळीस, सत्तर, एकशे बारा!

"गावंच्या गावं येतायत, साहेब!"

"अरे, पण कालची मासळी अकरा हजार टोपल्या? एवढा समुद्र आहे तरी का तिथे?"

"साहेब, अरबी आहे!"

"मग जा, त्या लोकांबरोबर फोटो काढून पाठव."

शाल-नारळ घेऊन केतन रिक्षानं तारापूरच्या किनाऱ्यावर उतरला. सहा महिन्यांत समुद्र पहिल्यांदाच बघत होता. पाहतो तर सगळ्या होड्या वाळूत, ताडपत्री पांघरून घोरत पडलेल्या!

जाळं विणणाऱ्या एकाला त्यानं विचारलं, "आज कोणी गेलं नाही?"

"आज? पावसाचे दोन महिने मासेमारीला बंदी हाय! कुठून आलास, चंद्रावरून?"

"मग नोंदी कोण करतं?"

"एकनाथ तांडेल. सगल्या गावाचे फोन त्याच्याच वटीवर हायेत. म्हाताऱ्याला नाय कोन म्हननार?"

वटीवर, म्हणजे घराच्या ओसरीवर, बोंबील वाळत घालावेत तसे फोन ओळीनं मांडलेले. मधोमध एकनाथ तांडेल, आवाज पार बसलेला. "बोंबील, दोन टोपल्या... बोंबील, दोन टोपल्या..." शेजारी भाताचं ताट झाकून ठेवलेलं.

"बाबा, हे काय?"

"हापिसातला का तू? ती तुमची पोर रुसली काय रे? आदी एका हाकेला बोलायची. आता शंभर हाका मारल्या का मंग इचारते, जेवलात का. तवर भात पार गार!"

"तुम्ही एवढ्यासाठी बटण दाबता?"

"बायकोला, माज्या हंसाला, जाऊन चार वरसं झाली. तीच इचारायची. ही माजं उत्तर आयकत नाय. पन इचारते तरी."

"पण मासळी नसताना बोंबील कशाला सांगता?"

"मंग फुकट बोलवू तिला? काय तरी काम सांगाया नको?" तांडेलांनी ताटावरचं झाकण काढलं. "तू जेवलास का?"

समोरासमोर कुणी असं विचारायची केतनला सवय कुठली? त्याच्या तोंडून निघून गेलं, "नोंद झाली!"

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काढला का फोटो? किती माणसं आहेत?"

एकशे बारा फोन समोर होते. एकशे बारा म्हटलं की नोकरी राहत होती. पण तसं म्हटलं की गठ्ठेही राहत होते, आणि शंभर हाकाही!

"एक आहे, साहेब," केतन म्हणाला.

संध्याकाळपर्यंत योजना बंद. नारळ तेवढा तांडेलांच्या कामी आला.

आता तो क्लाउड केतनच्या खाटेखाली, एका जुन्या लॅपटॉपात असतो. केतन दुसरी नोकरी शोधतोय. गठ्ठे नाहीत, मर्यादा नाही. एका हाकेला एक उत्तर. तांडेलांचा भात गरम असतो.

आणि वापरणारे? दुप्पट झाले की! दोन. या दुसऱ्यानं उभ्या जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. पण दुपारी एक वाजला की डबा समोर ठेवतो, दाराला आतून कडी घालतो, आणि हळूच बटण दाबून म्हणतो, "बोंबील, दोन टोपल्या."