कलम तीन-चार आणि लांब उडी

"माझ्या हातून नोंद चुकली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय," आजोबा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. आजींनी दुसरा बूट पुढे सरकवला. कचेरीत चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाशी सकाळी सात वाजता वाद घालायचा नसतो, हे त्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

नातीच्या शाळेत आज क्रीडास्पर्धा होत्या. लांब उडीची नोंदवही सांभाळायला एक पालक हवा, अशी चिठ्ठी घरी आली होती आणि आजोबांनी त्याच दिवशी होकार कळवला होता. लेखी. दोन प्रतींत.

नात सहावीत होती. तिला सगळी शाळा नाकतोडा म्हणायची. ती जिना चढायची तो तीन उड्यांत, आणि अंगणातून घरात यायची ती उंबरठ्याला पाय न लावता. लांब उडीत पहिल्या दोघी आंतरशालेय स्पर्धेला जाणार होत्या आणि त्या दोघींत येण्यासाठी पोरीने वर्षभर घाम गाळला होता. घरामागच्या रिकाम्या जागेत आजोबांनीच तिला वाळू टाकून दिली होती, रोज सकाळी फावड्याने ती सारखीही तेच करायचे. तिला ही निवड किती हवी आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आजोबा, मैदानावर मला ओळख दाखवायची नाही हं," ती वाटेत म्हणाली. "नाहीतर सगळे म्हणतील, घरचाच माणूस वहीवर बसवलाय."

"आपण कोण?" आजोबांनी विचारलं.

नात खूश झाली.

मैदानाच्या कडेला टेबल मांडलं होतं. आजोबांनी वहीत पट्टीने रकाने आखले, दोन पेनं शेजारी शेजारी ठेवली आणि लाल पेन वेगळं काढून ठेवलं. खेळाच्या सरांचा आवाज सकाळीच बसला होता, त्यामुळे ते शिट्टीवरच सगळं बोलत होते. उडी मोजायला टेप घेऊन गणिताच्या बाई होत्या. बाई कडक होत्या. शेवटी येणारं शून्य त्या कधी उच्चारत नसत, कारण त्याने किंमत बदलत नाही आणि वेळ जातो.

सात मुली होत्या. बाई प्रत्येकीची सर्वांत चांगली उडी मीटरमध्ये ओरडून सांगत आणि आजोबा लिहून घेत. तीन पॉइंट एक आठ. तीन पॉइंट शून्य नऊ. तीन पॉइंट दोन आठ. मग नाकतोडा धावत आली, फळीवर पाय आपटला आणि वाळूत अशी जाऊन पडली की बाईंनी टेप दोनदा लावून पाहिली.

"तीन पॉइंट चार!"

आजोबांनी मान वर न करता लिहिलं, ३.४. चार? नुसते चार? मघाच्या मुलीचे अठ्ठावीस होते. वर्षभराची वाळू फुकट गेली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी चष्मा उगाचच पुसला.

उड्या संपल्या आणि बाई गोळाफेकीकडे निघून गेल्या. क्रमवारी लावायचं काम आजोबांवर आलं, आणि घोळ झाला तो तिथे. आजोबांचं अख्खं आयुष्य नियमावलीत गेलं होतं. नियमावलीत कलम ३.९ नंतर कलम ३.१० येतं, मग ३.११, आणि असं करत करत ३.४० पर्यंत. मधला ठिपका त्यांच्या लेखी फक्त कलमाचं घर आणि पोटकलमाची खोली वेगळी दाखवायला असे. त्या हिशेबाने अठ्ठावीस सर्वांत पुढे, मग अठरा, पंधरा, बारा, नऊ, चार, आणि तळाशी तीन. त्यांनी तशी यादी सुवाच्य अक्षरात लिहिली. नाकतोडा सातांत सहावी आली. ३.३ उडी मारणारी एक मुलगी होती, ती शेवटची.

सहाव्या क्रमांकावर नातीचं नाव लिहिण्याआधी त्यांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. तरी त्यांनी ते लिहिलं आणि खाली सहीही केली.

मुख्याध्यापिका बाईंनी यादी हातात आली तशी माइकवर वाचली. वरून पदरचे चार शब्दही घातले. "नोंद ठेवणाऱ्या आजोबांची स्वतःची नात सहावी आली आहे. एवढा निःपक्षपातीपणा आजकाल दिसत नाही." मैदानभर टाळ्या वाजल्या. आजोबांची छाती फुगली आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

टाळ्या थांबायच्या आत नाकतोडा टेबलापाशी उभी.

"आजोबा, मी पहिली आहे."

"आपण कोण?"

"आजोबा, खरंच. माझी उडी सगळ्यांत लांब आहे."

आजोबांचा आवाज कचेरीचाच निघाला. "हरकत असेल तर लेखी अर्ज करावा."

तिने केला. वहीचं पान फाडलं, वर तारीख घातली आणि विषय लिहून त्याखाली रेघ मारली: "३.४ ही संख्या ३.२८ पेक्षा मोठी असल्याबाबत." आजोबांना तो अर्ज मनापासून आवडला. समास सोडलेला, आपली विश्वासू वगैरे सगळं जागच्या जागी. त्यांनी तो दोनदा वाचला आणि लाल पेनाने शेरा मारला: "तपासले. चार हे अठ्ठावीसपेक्षा लहान आहेत. नामंजूर."

तो शेरा घेऊन नाकतोडा थेट मुख्याध्यापिका बाईंकडे गेली. बाईंनी शेरा वाचला, मग हातातली यादी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. ही यादी त्यांनी स्वतःच्या तोंडाने अख्ख्या शाळेला ऐकवली होती.

"अहो आजोबा," त्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ठिपक्यानंतरचे अंक दोन्हीकडे सारखे करून बघा ना. ३.४ पुढे एक शून्य लिहा. ३.४० झाले. आता चाळीस मोठे की अठ्ठावीस?"

आजोबा उठूनच उभे राहिले. "शून्य लिहू? सही झालेल्या नोंदीत? मॅडम, चौतीस वर्षांत मी एका स्वल्पविरामाचा फेरफार केला नाही. आणि तीन-चार वेगळं, तीन-चाळीस वेगळं. तीन-चार म्हणजे किरकोळ रजा. तीन-चाळीस म्हणजे सायकली कुठे उभ्या कराव्यात ते."

खेळाच्या सरांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. शिट्टी वाजली.

आता भोवती गर्दी जमली होती. नाकतोड्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडत बसली नाही. ती धावत गेली, टेप घेऊन आली आणि शून्याचं टोक सरांच्या पायाखाली दाबून दुसरीकडची डबी आजोबांच्या हातात दिली.

"चला आजोबा. मागे मागे चला."

आजोबा टेप सोडत चालू लागले.

"तीन मीटर झाले. थांबा. आता पुढच्या मीटरचे दहा भाग. दोन भाग पुढे या. हे झाले ३.२. आता आणखी आठ बारीक रेघा. हे ३.२८. इथे तुमचं पेन ठेवा."

आजोबांनी वाकून पेन ठेवलं.

"ठिपक्यानंतरचा पहिला अंक हे दहा भाग मोजतो. आधी तो बघायचा. तिचे दोन आहेत, माझे चार. तिसरा भाग... चौथा भाग. हे माझे ३.४."

आजोबा चौथ्या भागाच्या रेघेवर थांबले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग मागे राहिलेल्या पेनाकडे पाहिलं. ते गुडघ्यावर बसले आणि दोन्हींच्या मधे तळवा आडवा ठेवून पाहिला. तळवा अख्खा मावला, वर बोटभर जागा उरली. वाळूत एवढी जागा मिळवायला पोरीला वर्ष लागलं होतं आणि त्यांनी ती एका शेऱ्यात खोडून टाकली होती.

ते पेन उचलून उठले आणि त्यांनी गुडघे झटकले.

"नियमावली टेपला लागू नाही," आजोबा शेवटी म्हणाले. "अर्ज मंजूर."

त्यांनी यादी नव्याने लिहिली. ३.४, ३.३, ३.२८, ३.१८, ३.१५, ३.१२, ३.०९. तळाची मुलगी दुसरी आली. ती बूट काढून घरी जायच्या तयारीत होती, तिला हाक मारून आणावी लागली. ३.२८ वाल्या मुलीपुढे आजोबा स्वतः गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाळ, चूक माझी आहे. उडी तुझी चांगलीच होती."

"मला पण कळत नव्हतं मी पहिली कशी," ती म्हणाली. "वाळूत तर मी हिच्या मागेच पडले होते."

मग आजोबांनी माइक मागून घेतला. "लांब उडीत माझी नात पहिली आली आहे," ते म्हणाले. "मघाशी मी तिला सहावी केली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या कृपया परत घ्याव्यात आणि आता वाजवाव्यात." मैदानाने टाळ्या तर वाजवल्याच, वर नाकतोड्याला खांद्यावर घेऊन फेरी मारली.

आंतरशालेय स्पर्धेला आजोबा वही न घेता गेले. आजींनी खिसे तपासूनच त्यांना सोडलं होतं. प्रेक्षकांत शेजारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते, त्यांची नातही उड्या मारत होती. तिची उडी फलकावर आली, ३.४८. गृहस्थ खुलले. शेवटची उडी नाकतोड्याची होती. फलकावर आकडा चढला, ३.५.

आजोबा टाळ्या वाजवत उठले, टोपी हवेत उडवली आणि "पहिली! पहिली आली!" म्हणून ओरडत सुटले.

गृहस्थांनी त्यांची बाही ओढली. "अहो, बसा खाली. टाळ्या कसल्या वाजवताय? तुमचे पाच आहेत, आमचे अठ्ठेचाळीस."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मायेने भरून आला. ते त्यांच्या अगदी शेजारी सरकून बसले.

"आपण," त्यांनी हळूच विचारलं, "कोणत्या खात्यात होता?"