लोड्याच्या खोकल्याचा पंचनामा

मंगळवारी सकाळी घरातला कुत्रा लोड्या पुन्हा खोकला, तेव्हा सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. अर्धा चहा राहिलेला असताना कप खाली आला, की निकाल लागतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आज नववा दिवस," त्या म्हणाल्या. "माझा दमा आहेच, त्यात ह्याचा खोकला. एका घरात दोन छात्या वाजायला नकोत. खोकणारा या घरात राहणार नाही. रविवारी धाकटे जावई येतायत, त्यांच्या गाडीतून जाईल. त्यांच्याकडे अंगण आहे, हवा आहे."

"पण आई, आठ महिन्यांचा तर आहे तो," थोरला जावई म्हणाला.

"म्हणूनच म्हणते. आत्ता गेला तर लवकर विसरेल."

घर सासूबाईंच्या नावावर होतं, त्यामुळे निकालावर अपील नव्हतं. थोरला जावई विमा कंपनीत सर्व्हेअर होता. धाकट्या जावयाला, म्हणजे त्याच्या साडूला, अंगण होतं, मोठी गाडी होती आणि सासूबाईंच्या तोंडी कायम असण्याचा मान होता. आता त्याला कुत्राही मिळणार होता, आणि ते सर्व्हेअरच्या जिवाला फार लागलं. लोड्यावर त्याचा जीव होता. सर्व्हेअर बोलायला लागला की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवत आणि बायको "हं" म्हणून कपाट आवरायला घेई. लोड्या मात्र मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकायचा. इतकं ऐकणारं माणूस सर्व्हेअरला घराबाहेरसुद्धा मिळालं नव्हतं.

"रविवारपर्यंत कारण शोधतो," तो म्हणाला.

"शोधा," सासूबाई म्हणाल्या आणि कप उचलला.

कारण शोधणं हा त्याचा धंदाच होता. कुठे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की कंपनी त्याला पाठवी. तो टेबलावर काडेपेटीचा ट्रक करी, खोडरबराची स्कूटर करी, आणि कोण कुठून कसं आलं ते पुन्हा घडवून दाखवी. "माणूस खोटं बोलतो, जागा खोटं बोलत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. एकोणीस वर्षांत त्याने एकही फाईल "कारण अज्ञात" म्हणून बंद केली नव्हती. चूक नेहमी कुणाची तरी निघायची.

त्याच दिवशी त्याने फाईल उघडली आणि ऑफिसातल्या छापील नमुन्यावर घरच्यांचे जबाब घेतले. सासूबाईंनी सांगितलं की कुत्रा जावयाच्या बुटात नाक घालून झोपतो, आणि त्या बुटांच्या वासाने घोडासुद्धा खोकेल. बायकोने सांगितलं की आई दिवसातून चार वेळा छातीला बाम चोळते, त्या वासाने तिचेच डोळे पाणावतात. दोघींनी आपापल्या जबाबाखाली सह्या केल्या आणि नंतर दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी बूट गॅलरीत गेले. सासूबाईंचा बाम कुलपात गेला आणि किल्ली सर्व्हेअरच्या खिशात. फिरून आल्यावर लोड्या खोकला. बुधवारी पडदे उतरवले, सतरंजी गुंडाळली, सोफ्याची खोळ धुतली. फिरून आल्यावर लोड्या खोकला. गुरुवारी कुंड्या शेजाऱ्यांकडे, उशा माळ्यावर आणि सोफा जिन्यात गेला. आता दिवाणखान्यात टीव्ही, एक स्टूल आणि स्टुलावर सासूबाई एवढंच उरलं. फिरून आल्यावर लोड्या पुन्हा खोकला, आणि रिकाम्या खोलीत तो खोकला असा घुमला की खालच्या मजल्यावरच्या बाई "घरात कोणी आजारी आहे का" म्हणून विचारायला वर आल्या.

"पुरावा नष्ट करून पुरावा शोधताय तुम्ही," बायको जिन्यातल्या सोफ्यावर बसून म्हणाली. "जनावरांच्या डॉक्टरकडे न्या की त्याला."

"घरची केस बाहेर न्यायची?"

"सोफा बाहेर नेलात तो चालला."

शनिवारी ऑफिस सुटल्यावर तो टाय न सोडताच दवाखान्यात पोचला. बायको आणि सासूबाई लोड्याला घेऊन आधीच आल्या होत्या. सासूबाई खास निकालावर देखरेख करायला आल्या होत्या. लोड्याने डॉक्टरीणबाईंचा हात चाटला, वजनाच्या काट्यावर आपण होऊन चढला आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांकडे हसत बघत बसला. ताप नव्हता. छाती साफ होती. घसाही बरा होता, जरासा लाल, इतकंच.

"खोकतो कसा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लोड्या काही खोकेना. मग सर्व्हेअरने खोकून दाखवलं.

"छे, असा नाही," बायको म्हणाली. "शेवटी ओढ असते." तिने ओढ घेऊन दाखवली.

"तुम्ही दोघं गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "खोकल्यातलं मला कळतं." आणि त्यांनी असा काही खोकला काढला की बाहेर बसलेल्या मंडळींतल्या एका मांजराने पिंजऱ्यातून उत्तर दिलं.

"खोकतो नक्की कधी?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"फिरून आल्यावर," तिघं एकदम म्हणाले.

"मग फिरायला जाताना काय काय होतं ते सांगा."

सर्व्हेअरचा चेहरा उजळला. सांगण्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण घडवून दाखवायची वेळ आली की तो वाघ होता. त्याने टेबलावर कापसाचा गुंडा ठेवला, तो लोड्या. थर्मामीटर उभा धरला, तो विजेचा खांब. गुंडा खांबाच्या दिशेने सरकू लागला.

"कापसाला खोकला येणार नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे मात्र त्याला पटलं. लहान आकारात सगळेच तपशील सापडत नाहीत, हे तो कंपनीलाही वारंवार कळवत असे. त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला, चष्मा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि लाद्यांवर चार पायांवर उभा राहिला.

"लोड्या मी होतो. त्याचा रस्ता मला पाठ आहे. आई, तुम्ही खांब."

"मी?"

"नुसतं उभं राहायचंय."

सासूबाई खांब झाल्या. त्यांना ते जमलं.

"आणि तू मी हो," तो बायकोला म्हणाला. "रोज वरून बघतेस ना आम्हाला?"

"रोज," बायको म्हणाली. तिने लोड्याची साखळी सोडवून नवऱ्याच्या टायच्या गाठीत अडकवली. मग पर्समधला मोबाइल काढून कानाला लावला, आणि बघता बघता तिची चाल बदलली, पोट पुढे आलं, भुवया वर गेल्या.

"हॅलो, हो साहेब," ती जाड आवाजात म्हणाली, "जागेवरच आहे मी. पाहणी चालू आहे साहेब." आणि ती भराभर चालू लागली.

सर्व्हेअर हातगुडघ्यांवर मागे धावला. खांब आला. लोड्या खांबाशी थांबतो म्हणून तोही थांबला आणि सासूबाईंच्या पायाशी त्याने मन लावून हुंगल्यासारखं केलं. एवढ्यात मानेला जो हिसका बसला, तो त्याने आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. त्याचे डोळे बाहेर आले, जीभ बाहेर आली, आणि घशातून कोरडा, शेवटी ओढ असलेला एक खोकला निघाला.

लोड्या टेबलाखालून बाहेर आला, सर्व्हेअरसमोर बसला आणि त्याने मान वाकडी केली.

"हाच," सासूबाई म्हणाल्या.

"परत एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत एकदा झालं. मग आणखी दोनदा झालं, जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं.

"तुला हे माहीत होतं?" आवाज फुटला तेव्हा त्याने खालूनच विचारलं. "मग जबाबात का नाही लिहिलंस?"

"तुम्ही सोफ्याबद्दल विचारलंत. बामाबद्दल विचारलंत. तुमच्याबद्दल नमुन्यात रकानाच नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, गळपट्टा बंद, छातीचा पट्टा सुरू, चालताना फोन नाही, हिसका नाही. कुत्रा दोन दिवसांत ठीक होईल, असंही त्या म्हणाल्या. सर्व्हेअरला इतका आनंद झाला की आपलीच चूक निघाली याचं त्याला पुरतं वाईटही वाटलं नाही. लोड्या आता जाणार नव्हता. घरी येताना त्याने स्वतः दुकानातून छातीचा पट्टा घेतला, सगळ्यात मऊ अस्तराचा, आणि रस्ताभर कुजबुजत लोड्याची माफी मागितली. कुजबुजत, कारण त्यापेक्षा मोठा आवाज निघतच नव्हता.

रविवारी दुपारी साडू आला. मागच्या सीटवर त्याने जुनी चादर अंथरून आणली होती. तो आत येतो न येतो तोच आतल्या खोलीतून कोरडा, शेवटी ओढ असलेला खोकला ऐकू आला.

"अजून आहे वाटतं," साडू म्हणाला.

"तो नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "तो कालपासून एकदाही खोकला नाही. हे आपले."

सर्व्हेअर गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आला. रात्रभर त्याचा घसा वाजत होता आणि आवाज पार बसला होता. त्याने लोड्याकडे बोट दाखवलं, छातीच्या पट्ट्याकडे दाखवलं, आणि सगळं मिटलं अशा अर्थाने हात झटकले. मग खोकला.

"मी मंगळवारी काय म्हटलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "कुत्रा राहणार नाही असं म्हटलं नव्हतं. खोकणारा राहणार नाही, असं म्हटलं होतं. मला दमा आहे."

साडूने सर्व्हेअरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतील की. अंगण आहे, हवा आहे. आठ दिवसांत सुधारतील."

सर्व्हेअरने बायकोकडे पाहिलं. ती दारात त्याची बॅग घेऊन उभी होती. रागाने भरली नव्हती तिने, मायेनेच भरली होती, दोन स्वेटर जास्त घातले होते. त्याला खूप काही बोलायचं होतं. एकोणीस वर्षांचा अनुभव होता, मुद्दे तयार होते, पण तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर येत होती. लोड्या तेवढा मान वाकडी करून ती हवासुद्धा शेवटपर्यंत ऐकत होता.

गाडी निघाली तेव्हा सर्व्हेअर मागच्या सीटवरच्या चादरीवर बसला होता आणि काचेला कपाळ लावून बघत होता. फाटकापाशी सासूबाई लोड्याची साखळी धरून उभ्या होत्या. गाडी वळणाशी पोचली आणि लोड्याने तिच्यामागे अशी झेप घेतली की सासूबाई भर रस्त्यात चार पावलं फरफटत गेल्या. सगळा जीव गोळा करून तो ओढत राहिला, मागच्या पायांवर उभा राहिला, केकाटला. पट्टा छातीचा असल्यामुळे त्याला खोकला मात्र आला नाही.