बेटाची एक पूर्ण फेरी

दगडाला भोक कसं पाडावं हे माझ्याकडून शिकावं. बढाई नाही, आहे ते सांगतोय. संस्थेत ड्रिलर म्हणून बावीस वर्षं झाली आणि आजवर माझ्या हातून एकही कोअर तुटलेला नाही. कोअर म्हणजे खडकात ड्रिल घालून अलगद बाहेर काढलेला मेणबत्तीएवढा दगड. त्या दगडांवर संस्थेतली मोठी माणसं पेपर लिहितात आणि शेवटी आभार मानतात. अमक्यांचे, तमक्यांचे 'व इतरांचे'. ते इतर म्हणजे मी. बावीस वर्षं मी इतर आहे!

म्हणून बेटाचं काम निघालं तेव्हा मी ठरवलंच होतं, की यंदा काहीतरी करून दाखवायचं. काम असं होतं. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करतात आणि तसेच गोठतात. पुढे बेट सरकलं, वळलं, काहीही झालं, तरी कण आपली जुनी दिशा सोडत नाहीत. अगदी आमच्या सासऱ्यांसारखे. मग दगडाचं वय काढायचं, कणांची दिशा मोजायची, की कोट्यवधी वर्षांत बेट कुठून कुठे गेलं ते कळतं. यात एकच मेख आहे. कोअर उपटण्याआधी तो खडकात कोणत्या दिशेला तोंड करून होता ते होकायंत्राने मोजून लिहावं लागतं. ते चुकलं, की सगळं मुसळ केरात.

हे मोजण्याचं काम नेहमी आमच्या शास्त्रज्ञ मॅडमच करतात. पण या वेळी होडीतून उतरताना त्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचा घोटा टम्म सुजला. धक्क्यावरच्या खुर्चीत पाय वर करून बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातात होकायंत्र दिलं. म्हणाल्या, "मोजमाप तुम्ही करा. नीट झालं तर पेपरवर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव येईल."

खरं सांगतो, बावीस वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी होकायंत्र लगेच गळ्यात अडकवलं.

मॅडमनी आणखी एक वस्तू दिली. लाकडी तबकडी आणि मधे उभी पितळी काडी. काडीची सावली कुठे पडते ते बघायचं, वेळ लिहायची आणि सूर्यावरून दिशा काढायची. होकायंत्र फसलं तरी सूर्य फसत नाही, म्हणून प्रत्येक जागी दोन्हींनी मोजा, असं त्यांनी बजावून सांगितलं. मी हो म्हटलं आणि तबकडी पिशवीत तळाशी टाकली. बावीस वर्षं ड्रिल धरलेल्या माणसाने सावल्या मोजत बसायचं? वहीत त्या रकान्यात मी नऊच्या नऊ जागी एकच शब्द लिहिला: ढग.

होकायंत्राच्या बाबतीत मात्र माझ्याइतका कडक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. आसपास लोखंड नको म्हणजे नको. ड्रिल वीस पावलं लांब ठेवायचो. होडीवाल्याची चावी काढून घेतली, घड्याळ काढून घेतलं, बकल नको म्हणून कमरेचा पट्टाही काढायला लावला. बिचारा तीन दिवस एका हाताने विजार धरून माझ्यामागे हिंडला.

आणि माझ्या स्वतःच्या कमरेला, शर्टाच्या आत, बायकोने पाठदुखीसाठी बांधलेला पट्टा होता. त्यात बारा लोहचुंबक शिवलेले होते.

तुमच्या लगेच लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. औषध म्हणून जे अंगावर असतं ते माणूस लोखंडात मोजत नाही हो! शिवाय पट्टा इतका गुणकारी, की महिनाभर घातल्यावर मी पाठ म्हणजे काय तेच विसरलो होतो. समुद्र पाठीला, कडा समोर, असा मी पूर्ण किनारा फिरलो. नऊ जागा, त्रेसष्ट भोकं. होकायंत्राची सुई अशी झटकन स्थिर व्हायची की बघत राहावं. आकडाही प्रत्येक जागी जवळपास तोच. मला वाटलं, याला म्हणतात हात! मॅडमना वहीतला तेवढा रकाना बघून वाटलं, की मी मुद्दाम सगळी भोकं एकाच दिशेने पाडली. त्यांनी शाबासकीही दिली.

संस्थेत दगड मोजले गेले आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. पहिल्या जागेपेक्षा दुसऱ्या जागेचे कण चाळीस अंश वळलेले. तिसऱ्या जागेचे ऐंशी. असं करत करत शेवटच्या जागेशी एक अख्खं वर्तुळ पुरं होत आलं होतं. दगडांची वयं अजून यायची होती, पण या जागा एकापेक्षा एक जुन्या निघाल्या तर अर्थ सरळ होता. बेटाने समुद्रात गर्रकन एक पूर्ण फेरी मारली होती! जगात कुठल्याच बेटाने असं केलेलं नाही. संचालकांनी स्वतः येऊन माझ्याशी हात मिळवला.

मग काय विचारता! मी घरी सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. न्हाव्याला तर मान वळवून दाखवायला गेलो आणि कानाशी वस्तरा लागला. सासरे तेवढे गप्प होते. ते जन्मभर जहाजाचं सुकाणू धरलेले, आता आमच्याकडे असतात, आणि माझी नोकरी म्हणजे दगड फोडणं असं त्यांचं मत. त्यांनी एवढंच विचारलं, की होकायंत्राजवळ लोखंड नव्हतं ना. मला राग आला. होडीवाल्याच्या विजारीचा पूर्ण किस्सा ऐकवला तेव्हा कुठे ते थांबले.

दोन महिन्यांनी वयं आली. नऊच्या नऊ जागा एकाच वयाच्या. सहा कोटी वर्षांपूर्वीचा एकच लाव्हा, एकदाच सांडलेला. म्हणजे बेटाचा प्रत्येक कोपरा एकाच क्षणी वेगवेगळ्या दिशेला तोंड करून बसला होता! मॅडमनी कागद खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, की कुठेतरी चुकलंय, आणि चूक सापडली नाही तर पेपर होणार नाही.

मी घरी आलो तो पडलेल्या चेहऱ्यानेच. पेपर नाही म्हणजे नाव नाही. सासऱ्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांना घडलेलं सगळं सांगायला लागलो. टेबलावर त्यांचं जहाजावरचं पितळी होकायंत्र होतं. म्हटलं, हे समजा बेट. मी असा किनाऱ्याने फिरलो, तोंड सारखं बेटाकडे. आणि टेबलाभोवती फिरून दाखवलं. सासरे माझ्याकडे बघतच नव्हते. ते होकायंत्राकडे बघत होते.

"जावईबापू, परत एकदा फिरा," ते म्हणाले.

मी फिरलो.

"आता उलटे फिरा."

उलटा फिरलो. मग मीही खाली पाहिलं. सुई माझ्याबरोबर फिरत होती. मी खिडकीशी गेलो की खिडकीकडे, दाराशी गेलो की दाराकडे.

"शर्ट वर करा," सासरे म्हणाले.

मी शर्ट वर केला. बेट जागचं हललं नव्हतं. फेरी मी मारली होती! बायको दारातून बघत होती. तिचं तोंड आनंदाने फुललं. म्हणाली, "बघा बाबा, काय जोर आहे त्यात! उगाच नाही यांची पाठदुखी थांबली."

दुसऱ्या दिवशी पट्टा कागदात गुंडाळून मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं कबूल केलं. मॅडमनी पट्टा उलटासुलटा पाहिला. मग वही उघडली. "आणि हे ढग?" त्यांनी विचारलं. तीन दिवस धक्क्यावर बसून बाई उन्हाने रापून निघाल्या होत्या. मी तेही कबूल केलं.

पण ऐका, मीही बावीस वर्षं उगाच नाही घालवली. मी म्हटलं, "मॅडम, दगड इथे आले, पण भोकं तिथेच आहेत. कोअर ज्या दिशेला होता त्याच दिशेला भोक आहे. आणि माझं भोक वाकडं नसतं. मला परत पाठवा."

त्यांनी मला परत पाठवलं, पट्ट्याशिवाय. पाठीने दुसऱ्याच दिवशी दगा दिला. त्रेसष्ट भोकांपुढे मी कण्हत कण्हत ओणवा झालो, प्रत्येकात नळी घातली, तबकडी बसवली, सावली मोजली, वेळ लिहिली. होडीवाला या खेपेला आपला बकलाचा पट्टा घालून आला होता. तो दोन्ही हातांनी मला उठवायचा आणि पुढच्या भोकापाशी नेऊन ठेवायचा. सावल्यांनी उत्तर दिलं. बेट सहा कोटी वर्षांत उत्तरेकडे सरकलं आणि सरकता सरकता जेमतेम अकरा अंश वळलं. अख्ख्या फेरीपुढे अकरा अंश म्हणजे काहीच नाही, पण ते खरे होते, आणि नऊही जागांवर तेच आले.

पेपर छापून आला. पहिलं नाव मॅडमचं आणि त्याशेजारी, स्वल्पविरामानंतर, माझं! मी ते पान काच लावून भिंतीवर टांगलं आहे. सासऱ्यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ आहे, की पहिली मोजमापं दुसऱ्या लेखकाच्या कमरेच्या चुंबकी पट्ट्यामुळे रद्द करावी लागली. मॅडम म्हणाल्या, लिहावंच लागतं. ठीक आहे. वर नाव आहे ना? पुरे.

आणि परवा तर कमाल झाली. मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. संचालकही होते. समुद्रापलीकडच्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाचं पत्र आलं होतं, आमच्या पेपरवरचं पहिलं पत्र, आणि ते मॅडमना नाही, माझ्या नावाने होतं! मॅडमनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, की तेही तीस वर्षं खडकांपुढे वाकून दिशा मोजताहेत. माझा पेपर त्यांनी दोनदा वाचला. तिसरा परिच्छेद तर चारदा. तरी कृपया कळवावं, की तो पट्टा कुठे मिळतो.

उत्तर बायकोनेच लिहिलंय. सही तेवढी माझी आहे, पूर्ण नावानिशी.