सासूबाईंसाठी कागद

फोटो काय, कुणीही काढतं. कृष्णधवल फोटोचा कागद निवडायला मात्र नजर लागते आणि ती नजर माझ्याकडे आहे, असं मी येईल-जाईल त्याला सांगायचो. बायको ऐकायची नाही. आमच्या अडगळीच्या खोलीत मी डार्करूम थाटली होती आणि तिला तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं. शेवटी तह झाला. मी छापलेला तिच्या आईचा फोटो आईला आवडला तर खोली माझी, नाहीतर मशीनची.

म्हणजे सगळी भिस्त कागदावर! काही कागद काळं-पांढरं ठळक उमटवतात, काही मवाळ. मी प्रत्येकाचे तुकडे कापले, सासूबाईंचा चेहरा त्यांवर थोडा थोडा छापून पाहिला आणि ते न्हाणीघरात दोरीवर वाळत घातले. थोड्या वेळाने आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या सासूबाई हात धुवायला गेल्या, तर दोरीवर इकडे त्यांचं नाक, तिकडे कान आणि पार टोकाला हनुवटी.

"जावईबापू, माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईने समजावलं, की ही नुसती चाचणी आहे. ठळक कागदावर सुरकुत्या फार उठून दिसतात, म्हणून त्यांना मवाळ कागदच लागेल. बायकोने कपाळावर हात मारला.

"म्हणजे चारचौघांसारखा कागद मला चालत नाही," असं म्हणून सासूबाई बॅग भरायला गेल्या.

मी डार्करूममध्ये धावलो. लाल दिव्यात सगळ्यात मवाळ कागद काढला, फोटो छापला, रसायनात बुडवला. घाईत कडी लावायची तेवढी राहिली. चेहरा उमटतो न उमटतो तोच सासूबाईंनी निरोप घ्यायला दार उघडलं आणि भसकन उजेड आत आला. मी त्यांच्या तोंडावरच दार लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कागदभर राखाडी धुकं पसरलं. सुरकुत्या, गाल, सगळं त्यात बुडालं. उरला चष्मा आणि त्यामागे अंदाजाने सासूबाई. मी मनातल्या मनात शिलाई मशीनला जागा करून दिली.

तरी फोटो पक्का करून, धुऊन मी बाहेर आणला. सासूबाईंनी तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"ही खरी मी," त्या म्हणाल्या. "कागद निवडावा तर तुम्हीच."

खोली वाचली, बॅगही रिकामी झाली. मीही मग माझ्या नजरेबद्दल दोन शब्द जास्तच बोललो. पण आता त्यांच्या बहिणी आल्यात आणि प्रत्येकीला अगदी तसाच फोटो हवाय. सकाळपासून बायको बाहेरून दार किलकिलं करतेय, मी आतून "बस, बस" म्हणतोय, आणि फोटो एकतर स्वच्छ येतोय नाहीतर काळाठिक्कर. तितका बिघडलेला फोटो मला काही केल्या जमत नाहीये!